आबादान : भोंग्याभोवतीचे शहर

इराणच्या नैर्ऋत्य टोकाला, कारून नदी जेथे शत्त-अल्-अरबच्या विशाल प्रवाहाला येऊन मिळते, तेथून समुद्राच्या दिशेने एक लांबट, सपाट बेट पसरलेले आहे. त्याच्या पश्चिमेस शत्त-अल्-अरब, पूर्वेस कारूनचीच बहमनशीर नावाची शाखा आणि दक्षिणेस इराणचे आखात. बेटाची लांबी साठ-पासष्ट किलोमीटर, रुंदी त्या मानाने फारच थोडी. काठाकाठाने खजुरीची बने, मध्ये खारवट, उघडी जमीन. पश्चिमेकडील नदीच्या पलीकडे इराक. अरबी बोलणारा त्या नदीला शत्त-अल्-अरब म्हणतो, फारसी बोलणारा अरवंद म्हणतो. एका नदीला दोन नावे असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. परंतु येथे कोण कोणते नाव उच्चारतो यावरून त्याचे घर, आणि पुष्कळदा त्याचे राजकारणही, ओळखता येते.

या बेटावर आबादान हे शहर आहे. नाव जुने. मध्ययुगीन अरब भूगोलकारांना अब्बादान हे ठाणे ठाऊक होते. अकराव्या शतकात नासिर-ए-खुसरौ आणि चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशांनी ते पाहिले. त्या काळी समुद्र अगदी जवळ होता, आणि ‘अब्बादानच्या पुढे गाव नाही’ अशी म्हणच अरबीत रूढ होती. पुढे नद्यांच्या गाळाने भूमी वाढत गेली आणि समुद्र दूर सरला. १९३५ साली इराण सरकारने या नावाची अरबी घडण बदलून त्याला फारसी रूप दिले. अब्बादानचे आबादान झाले. मराठी माणसाला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. ‘आबादी’ आणि ‘आबादीआबाद’ हे आपले शब्द त्याच कुळातले. वसलेले, भरभराटलेले असा त्याचा अर्थ. अक्षराच्या एका फेरफाराने एका अरबी साधुपुरुषाच्या आठवणीचे ठिकाण फारसी भाषेतील एक शुभशब्द होऊन बसले. सरकारी दप्तरांत अशा गोष्टी एका परिपत्रकाने होतात. लोकांच्या तोंडी त्या रुळायला पिढ्या लागतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी येथे बनू काब या अरब जमातीचे लोक राहत. खजूर पिकवावा, म्हशी पाळाव्या, होड्या चालवाव्या, असा त्यांचा संसार. त्यांचा अधिपती शेख खझल हा समोरच्या मोहम्मरा गावात राही आणि तेहरानच्या दरबाराला नावापुरतीच मान तुकवी. १९०८ सालच्या मे महिन्यात, दूर डोंगरात, मस्जिद-ए-सुलेमान येथे इंग्रज कंपनीच्या विंधणकामाला तेल लागले, आणि या बेटाचे भवितव्य बदलले. दुसऱ्याच वर्षी कंपनीने शेखाशी करार करून कारखान्यासाठी जमीन घेतली. वार्षिक भाडे ठरले ६५० पौंड. करार शेखाशी झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्यांच्या बनांतून पुढे नळ आणि रस्ते जायचे होते, त्या कुळांची सही कोणी मागितली नाही. डोंगरापासून बेटापर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीचा नळ टाकला गेला. १९१२ मध्ये तेल शुद्ध करण्याचे काम सुरू झाले आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कंपनीचे निम्म्याहून अधिक भांडवल विकत घेतले, कारण त्याच्या आरमाराला आता कोळशाऐवजी तेल हवे होते. शेखाला दिलेल्या अभयाची किंमत मात्र १९२५ साली कळून आली. रझाखानाने त्याला पकडून तेहरानला नेले, आणि इंग्रज स्वस्थ राहिले.

कारखाना उभा करायला माणसे हवी होती, आणि ती बेटावर नव्हती. अरब शेतकरी भोंग्याच्या तालावर चालायला तयार नव्हता. डोंगरातला बख्तियारी किंवा लूर मजूर आला, तरी कळप हलविण्याचा हंगाम आला की परत निघून जाई. जोडारी, सुतारकाम, रिव्हेटकाम, हिशेब, तारयंत्र या कामांसाठी कंपनीने हिंदुस्थानकडे पाहिले. तिचा जन्मच मुळी बर्मा ऑइल कंपनीच्या पैशावर झाला होता. त्यामुळे रंगूनच्या कारखान्यात हात बसलेले कारागीर तिच्या ओळखीचे होते. मुंबई आणि कराची बंदरांतून आगबोटींनी माणसे येऊ लागली. शीख सुतार आणि मिस्त्री आले, पंजाबी मुसलमान आले, गोव्याचे ख्रिस्ती कारकून आणि आचारी आले. १९२०च्या दशकाच्या मध्यास त्यांची संख्या पाच हजारांच्या घरात गेली होती.

त्यांच्या खुणा अजून आहेत. कारखान्याला लागून, नदीकाठी, ‘रंगूनी मशीद’ नावाची एक वास्तू आहे. १९२०च्या सुमारास हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातून आलेल्या मुसलमान कामगारांनी ती बांधली. तिचा भरघोस गिलावा आणि नक्षी पाहता ती इराणी मशिदींच्या पंक्तीतली नव्हे, हे कोणालाही समजते. शिखांच्या चाळींची वस्ती ‘सिकलेन’ म्हणून ओळखली गेली आणि शीख निघून गेल्यावरही नाव उरले. आबादानच्या बोलीत पाण्याच्या टाकीला ‘तांकी’ म्हणतात, साहेबाच्या घराला ‘बंगला’, चाळींच्या रांगेला ‘लेन’. तेथे मसुरीची एक तिखट आमटी करतात, तिचे नाव ‘दाल-अदस’. दाल हा आपला शब्द, अदस हा अरबी-फारसी, आणि अर्थ दोन्हींचा डाळच! दोन बायका शेजारी शेजारी चुलीपाशी बसल्याशिवाय असे नाव पडत नाही. समोसा तर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे असा दुहेरी प्रवास केलेला पदार्थ आहे. शब्द मूळचा फारसी, पण आबादानच्या समोशातला तिखटपणा हिंदुस्थानी आहे, असे तेथील लोकच सांगतात. आणि नदीपलीकडे बसऱ्यात कैरीच्या लोणच्याला ‘अंबा’ म्हणतात, तेव्हा कोकणातल्या माणसाने कान टवकारले तर त्यात नवल नाही.

हे वाचून अगर ऐकून असे वाटेल की, येथे सर्व जातिजमाती गुण्यागोविंदाने नांदत होत्या. तसे नव्हते. कंपनीच्या पटावर माणूस प्रथम युरोपियन, हिंदी किंवा इराणी म्हणून नोंदला जाई आणि मग त्याचे काम लिहिले जाई. पगार, घर, दवाखान्यातली खाट, क्लबाचा दरवाजा, हे सारे त्या नोंदीवरून ठरे. ब्रैम या पश्चिमेकडील वस्तीत गोऱ्या अधिकाऱ्यांचे हिरवळीचे बंगले. मध्ये कारखान्याचा अजस्र पसारा. त्याच्या पलीकडे देशी शहर. हिंदी कारागीर या शिडीच्या मधल्या पायरीवर उभा होता. इंग्रज त्याला खालचा मानी. इराणी मजुराला तो साहेबाचा माणूस वाटे. त्याच्यामुळेच आपल्याला चांगले काम मिळत नाही, ही इराणी मजुराची तक्रार होती आणि ती खोटीही नव्हती. तरीसुद्धा १९२०च्या डिसेंबरात हिंदी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला, तेव्हा इराणी मजूरही काम टाकून त्यांच्यात सामील झाले. १९२२ साली पुन्हा संप झाला. त्या वेळी कंपनीने पुष्कळ हिंदी कामगारांना सरळ बोटीवर चढवून परत धाडले. १९२९ च्या मे महिन्यात इराणी कामगारांचा संप झाला आणि तो अटका करून मोडण्यात आला. तेल-उद्योगाच्या इतिहासात या संपांना दोन-चार ओळी मिळतात. पण शेजाऱ्याला प्रथम शेजारी म्हणून ओळखण्याचे प्रसंग त्या शहरात याच दिवसांत आले असावेत.

१९३३च्या नव्या करारानंतर, आणि विशेषतः १९३६च्या योजनेनंतर, परकी नोकर कमी करून इराणी घ्यावेत असे ठरले. १९३९ मध्ये तांत्रिक शिक्षणाची संस्था निघाली. त्याच काळात बवार्दे ही नवी वस्ती आखली गेली. तिचा वास्तुविशारद जेम्स विल्सन हा पूर्वी नवी दिल्लीच्या बांधणीत लट्येन्सचा मदतनीस होता. दिल्लीत कोणत्या पायरीच्या नोकराला किती खोल्या, किती अंगण आणि मुख्य रस्त्यापासून किती अंतर, याचे कोष्टक कसे असते हे तेथील सरकारी नोकरांना सांगायला नको. त्याच शाळेतला हा मनुष्य. बवार्देत मात्र इंग्रज आणि इराणी कुटुंबे शेजारी राहावीत, असा कंपनीचा हेतू होता. घरे खरोखर सुरेख झाली : विटांचे काम, जाळीच्या भिंती, मेंदीची कुंपणे. परंतु जी सरमिसळ झाली ती वरच्या पगाराच्या लोकांपुरती. ब्रैममधले इंग्रज बहुतेक ब्रैममध्येच राहिले.

खरी सरमिसळ झाली ती अहमदाबादमध्ये. हे आपल्या गुजरातेतले नव्हे, आबादानमधली कामगार-वस्ती. येथे इस्फहानचे लोक आले, बुशेहरचे आले, शुश्तर, देझफूल, बेहबहानचे आले, लूर आणि बख्तियारी आले, बनांतले अरब आले. दुकानांत आर्मेनियन, असिरियन, यहुदी. चांदीवर काळी नक्षी करणारे मंदाई सोनार, ज्यांचा धर्म वाहत्या पाण्यातल्या स्नानावर उभा आहे, तेही या नद्यांच्या प्रदेशातलेच. या सर्वांचा दिवस एकाच आवाजाने सुरू होई. कारखान्याच्या भोंग्याला तेथे ‘फैदूस’ म्हणत. पहाटे तो वाजला की सायकलींचे लोंढे निघत, दुपारी वाजला की घरोघर ताटे मांडली जात. गिरणगावात वाढलेल्या माणसाला यापुढचे वर्णन नको. प्रत्येक गावचे लोक प्रथम आपापल्या गल्लीत राहिले, आपापल्या नावाची प्रार्थनास्थळे त्यांनी बांधली, लग्ने आपसांत केली. त्यांची मुले मात्र एका रस्त्यावर फुटबॉल खेळू लागली, आणि त्या मुलांची फारसी ना इस्फहानची राहिली ना बुशेहरची. जिच्यात इंग्रजी हत्यारांची नावे, हिंदी भांड्यांची नावे आणि अरबी शिव्या आहेत, अशी ती आबादानी बोली झाली.

या सरमिसळीला तडे जात नव्हते असे नाही. १९४१च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश फौजा बेटावर उतरल्या, त्या फौजांतले शिपाई हिंदी होते. ज्या शहरात हिंदी कारकून रोज इराण्यांच्या शेजारी बसून हिशेब लिहीत होता, तेथेच हिंदी शिपाई बंदूक घेऊन उतरला. दोघांनाही कोणी विचारले नव्हते. त्याहून मोठा घाव १९४६च्या जुलैचा. कामगार संघटनेने खुझिस्तानात सार्वत्रिक संप पुकारला. जमातींच्या शेखांनी अरबांची निराळी संघटना उभी केली होती आणि तिला कंपनीचे पाठबळ आहे, असा आरोप त्याच वेळी झाला. संपाच्या रात्री दोन्ही बाजूंची गाठ पडली, आणि दंगलीत व गोळीबारात सुमारे पन्नास माणसे मेली. पुढच्याच महिन्यात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून एक फौज बसऱ्याला आणून ठेवली. या घटनेला पुष्कळ लेखकांनी अरब-फारसी वैर म्हटले आहे. ते अर्धेच खरे आहे. अरब मजूर बहुधा कंत्राटदाराच्या हाताखाली काम करी. त्याला कंपनीचे घर नव्हते, संघटनेच्या मागण्यांत त्याचा वाटा अस्पष्ट होता, आणि संघटनेचे पुढारी फारसीत बोलत. ज्याच्याशी कोणी बोलले नाही, त्याला त्याचा शेख जवळचा वाटला. बेट त्याचेच होते, पण बेटावर जे काही नवे उभे राहिले त्यात त्याला सर्वांत खालची जागा मिळाली होती. प्रांताचे अरबिस्तान हे नाव जाऊन खुझिस्तान झाले होते, मोहम्मराचे खुर्रमशहर झाले होते. शाळेत त्याच्या मुलाला त्याच्या भाषेचे एक अक्षरही शिकविले जात नव्हते.

१९५१ साली तेलाचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वर्षीच्या ४ ऑक्टोबरला उरलेले इंग्रज आपल्या जिमखान्यासमोर जमले आणि ‘मॉरिशस’ नावाच्या युद्धनौकेवर चढून गेले. जिमखाना हा शब्द त्यांनी आपल्याकडून उचलून तेथे नेला होता. तो मागे राहिला. हळूहळू हिंदी माणसेही परतली. १९५३च्या सत्तांतरानंतर परकी कंपन्या नव्या नावाने आल्या, पण शहराचा तोंडवळा आता इराणी होता. यानंतरची पंचवीस वर्षे आबादानच्या लोकांच्या आठवणीत सोन्याची आहेत. येथल्या सिनेमागृहांतून आणि ग्रंथालयांतून इंग्रजी शिकून नजफ दर्याबंदरी हा मोठा अनुवादक झाला. अमीर नादेरी आणि नासिर तघवाई हे चित्रपट-दिग्दर्शक याच शहरात जन्मले. आर्मेनियन घराण्यातल्या झोया पिर्झाद यांनी आपल्या २००१ सालच्या कादंबरीत बवार्देतल्या एका आर्मेनियन गृहिणीचे जग उभे केले आहे. त्यात दारांच्या जाळ्या, टोळधाड आणि कंपनीच्या बस इतक्या सहज येतात की, शहर हे एक पात्रच होऊन बसते.

बाकीच्या इराणात आबादानी माणसाचे विनोद झाले. तो बढाईखोर, काळा चष्मा घालणारा, आपले शहर ब्राझीलमध्येच आहे असे मानणारा. शहराच्या फुटबॉल-संघाचा पिवळा पोशाखही ब्राझीलची आठवण करून देणारा आहे. विनोद म्हणून हे सोडून देता येईल. परंतु त्यात एक सोय आहे. अरब असो, लूर असो की आर्मेनियन, काळा चष्मा कोणालाही घालता येतो.

मग लागोपाठ आघात आले. १९ ऑगस्ट १९७८ रोजी रेक्स नावाच्या चित्रपटगृहाला आग लावण्यात आली आणि बंद दारांआड चारशेच्या आसपास प्रेक्षक जळून मेले. त्या गर्दीत सगळ्याच वस्त्यांची माणसे होती. सप्टेंबर १९८० मध्ये सद्दाम हुसेनच्या सेना सरहद्द ओलांडून आल्या. खुझिस्तानचे अरब आपले स्वागत करतील, ही त्याची अटकळ होती. भाषा एक, जमाती एक, कित्येकांची सोयरीकही नदीपलीकडे. कागदावर ही अटकळ चुकीची दिसत नाही. पण बहुतेक अरब त्याच्याकडे गेले नाहीत. काही लढले, पुष्कळ जण इतरांबरोबरच घरदार सोडून निघाले. तेहरानच्या राज्यावर त्यांचा रोष नव्हता असे नव्हे. १९७९ सालीच खुर्रमशहरात अरब आंदोलकांवर गोळ्या चालल्या होत्या. तरीही वेढा पडला तेव्हा कारखान्याबरोबर त्यांचीही बने जळत होती. आबादानचा वेढा सप्टेंबर १९८१ मध्ये उठला. तोफांचा मारा युद्ध संपेपर्यंत चालूच राहिला.

१९७६च्या शिरगणतीत आबादानची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास होती. १९८६च्या शिरगणतीत ती सहा नोंदली गेली आहे. सहा हजार नव्हे, सहा माणसे. अर्थात सैनिक तेथे होते, ते या हिशेबात नाहीत. परंतु शिरगणतीच्या तक्त्यात एवढा लहान आकडा एवढ्या मोठ्या शहरासमोर क्वचितच कोणी लिहिला असेल.

बाहेर पडलेली माणसे शिराझ, इस्फहान आणि इतर शहरांत पांगली. तेथे त्यांना ‘जंगजदे’, म्हणजे युद्धाचे मारलेले, म्हणत, आणि या शब्दात सहानुभूतीपेक्षा तिरस्कार अधिक असे. परक्या गावात घर भाड्याने मागायला जाणारा मनुष्य लूर की अरब की बुशेहरी, याच्याशी तेथल्या घरमालकाला काही कर्तव्य नव्हते. तो आबादानी होता, एवढेच पुरेसे. कंपनीने चाळीस वर्षे ज्या याद्या काळजीपूर्वक वेगळ्या ठेवल्या, त्या एका घाऊक शब्दात मिसळून गेल्या. आबादानी ही ओळख शहर भरलेले असताना जेवढी पक्की होती, त्याहून शहर रिकामे असताना अधिक पक्की झाली असे दिसते.

१९८८च्या युद्धविरामानंतर लोक परतू लागले आणि कारखानाही टप्प्याटप्प्याने सुरू झाला. २०१६च्या शिरगणतीत शहराची वस्ती सव्वादोन लाखांच्या वर होती. पण परतले ते सगळेच जुने नव्हते. तंत्रज्ञ, शिक्षक, आर्मेनियन व्यापारी यांपैकी अनेकांनी दुसरीकडे किंवा परदेशात मुळे धरली. आसपासच्या खेड्यांतले अरब मोठ्या संख्येने शहरात आले. दूर बसलेले जुने आबादानी हळहळतात की, हे आमचे आबादान नव्हे. या हळहळीत खरे दुःख आहे, आणि थोडा जुना अहंकारही. ज्या बेटावर अरब शेतकरी सर्वांआधी होता, तेथे तो शेवटी शहरात राहायला आला, तर त्याला आगंतुक म्हणणे बरे दिसत नाही. त्याच्या बनांचे हालही लोकांना माहीत आहेत. वरच्या नद्या अडविल्या गेल्या, समुद्राचे खारे पाणी आत घुसले, खजुरीची झाडे उभ्याने वाळली. २०१८च्या उन्हाळ्यात आबादान आणि खुर्रमशहरात पिण्याच्या पाण्यासाठी लोक रस्त्यावर आले. तेव्हा घागरी सगळ्यांच्याच रिकाम्या होत्या.

शहरात एक आर्मेनियन चर्च आहे, संत करापेतच्या नावाचे. त्याला अगदी लागून इमाम मूसा इब्न जाफर यांच्या नावाची मशीद आहे. दोहोंच्या मध्ये भिंत एकच. प्रवाशांना ही भिंत हमखास दाखविली जाते. आता आर्मेनियन कुटुंबे अगदी थोडी उरली आहेत, हे मात्र नेहमीच सांगितले जाते असे नाही.

२३ मे २०२२ रोजी आबादानच्या मध्यवस्तीत मेट्रोपोल नावाची दहामजली इमारत, बांधकाम चालू असतानाच, कोसळली. चाळीसहून अधिक माणसे मेली. तोफा नव्हत्या, शत्रू नव्हता. बांधकामातील हलगर्जीपणा आणि त्याकडे झालेली डोळेझाक, एवढेच कारण. त्यानंतर कित्येक रात्री लोक त्या ढिगाऱ्यापाशी जमत राहिले. अरब जमातींचे जथे आपल्या रिवाजाप्रमाणे पाय आपटीत, ‘यझले’ म्हणत आले. त्यांच्या शेजारी फारसीत घोषणा देणारी पोरे होती, छाती पिटून शोक करणाऱ्या बुशेहरी ढंगाच्या मंडळ्या होत्या, आणि ढिगाऱ्याखालून आपले माणूस निघण्याची वाट पाहत रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायका होत्या.